पंडित विष्णु नारायण भातखंडे : विसरत चाललेली गीते टिपून ठेवणारे गृहस्थ

आमच्या धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात जाऊन एखाद्या म्हाताऱ्या बाईस तिच्या तरुणपणीची गाणी विचारली, तर ती बहुधा प्रथम हसते, मग दोन ओळी म्हणते, आणि तिसऱ्या ओळीस अडते. पिठाची गिरणी गावोगाव आली आणि जाते घराच्या कोपऱ्यात जाऊन बसले. बायकांचे पहाटेचे कष्ट वाचले ही फार चांगली गोष्ट झाली. परंतु त्या कष्टांबरोबर ज्या ओव्या जन्मास येत, त्यांस दुसरे घर मिळाले नाही. तुळजापूरच्या वाटेवर संबळ वाजवून गोंधळ घालणाऱ्यांच्या कुळांतही बापास येणारी सगळी गाणी मुलास येतातच असे नाही. आमच्या खेड्यांतील मंडळ्यांची गोष्ट ह्याहून निराळी नाही. भजनाच्या पुस्तकात शब्द छापलेले असतात, पण आजोबा ज्या चालीवर ते भजन म्हणत ती चाल पुस्तकात नसते. ती एखाद्या वृद्ध उपदेशकाच्या किंवा वृद्ध बाईच्या गळ्यात असते, आणि तो गळा मिटला म्हणजे चालही मिटते.

हे दुःख केवळ खेड्यांचे आहे असे वाचकांनी समजू नये. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी राजेरजवाड्यांच्या दरबारी गाइल्या जाणाऱ्या मोठ्या संगीतावरही हीच वेळ आली होती. त्या वेळी मुंबईच्या एका मराठी वकिलाने हाती कागद व लेखणी घेऊन गावोगाव फिरून, नाना प्रकारची मनधरणी करून, ती गीते पुन्हा टिपून घेतली. त्या गृहस्थांचे नाव पंडित विष्णु नारायण भातखंडे. त्यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

भातखंडे ह्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईतील वाळकेश्वर येथे झाला. तो दिवस गोकुळअष्टमीचा होता. घर मध्यम स्थितीचे होते. लहानपणी त्यांस बासरीचा व गाण्याचा नाद लागला, आणि पुढे सतारीची गोडी लागली. सतार त्यांनी वल्लभदास नावाच्या गृहस्थांकडून शिकून घेतली. त्या काळच्या सभ्य मराठी घरांत मुलाने गाण्याच्या नादी लागणे हे फारसे प्रतिष्ठेचे मानीत नसत. म्हणून त्यांनी अभ्यासाकडे दुर्लक्ष होऊ दिले नाही. १८८५ साली ते बी. ए. झाले आणि १८८७ साली कायद्याची पदवी मिळवून वकील झाले. काही काळ कराचीस व पुढे मुंबईस त्यांनी वकिली केली. दिवसा कोर्टातील कज्जे व सायंकाळी संगीत, असा त्यांचा क्रम पुष्कळ वर्षे चालला.

मुंबईत गायन उत्तेजक मंडळी नावाची एक संस्था होती. कैखुश्रू काबराजी ह्या पारशी गृहस्थांच्या पुढाकाराने ती १८७० साली स्थापन झाली होती. भातखंडे १८८४ च्या सुमारास तिचे सभासद झाले. तेथे निरनिराळ्या गवयांची गाणी होत, आणि सभासदांस शिकण्याचीही सोय होती. रावजीबुवा बेलबागकर ह्यांच्याकडून त्यांनी सुमारे ३०० ध्रुपदे शिकून घेतली. अली हुसेन व विलायत हुसेन ह्या गवयांकडून ख्यालाच्या चिजा घेतल्या. जे शिकले ते लगेच कागदावर उतरवून ठेवावयाचे, हा नियम त्यांनी येथूनच धरला. हा नियम दिसावयास लहान आहे. परंतु पुढील सर्व कार्याचे मूळ ह्यातच आहे असे आम्हांस वाटते.

हा नियम त्या काळी किती विपरीत होता हे समजण्यासाठी गवयांची स्थिती थोडी सांगितली पाहिजे. आपल्याकडील संगीत मुखोद्गत असे. गुरूने म्हणावे, शिष्याने ऐकावे, आणि वर्षानुवर्षे घोकून तसेच गळ्यात उतरवावे. चीज म्हणजे गवयाची शेतजमीनच होय. कुणब्याने आपले शेत जसे कोणास सहज देऊ नये, तसे गवयाने आपली दुर्मीळ चीज परक्यास देऊ नये अशी रीत होती. मुलीच्या लग्नात जावयास चिजा आंदण दिल्याच्या गोष्टी अजूनही सांगतात. ह्यात केवळ कोतेपणा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. दरबारचा आश्रय ज्याच्या पोटाचे एकमेव साधन होते, त्याने आपल्या घराण्याचा ठेवा सर्वांस वाटला असता तर उद्या त्याच्या मुलांस कोण विचारणार होते? परंतु ह्याचा परिणाम मात्र वाईट झाला. राजांचे आश्रय कमी होत गेले, मुले दुसऱ्या धंद्यांत शिरली किंवा निपुत्रिक गवई मरून गेले, आणि जे लपविले होते ते त्यांच्याबरोबर मातीत गेले. जे उरले त्यातही एकाच रागाविषयी एका गावचा गवई एक सांगे, तर दुसऱ्या गावचा दुसरेच सांगे. शब्द तर घोकता घोकता असे झिजले होते की गाणाऱ्यासही त्यांचा अर्थ लागू नये.

अशा वेळी भातखंडे ह्यांच्या घरावर दुःखाचा घाला पडला. १९०० साली त्यांची पत्नी वारली, आणि १९०३ साली त्यांची मुलगीही गेली. चाळिशी उलटलेल्या त्या माणसास आता घर म्हणावयास काही उरले नाही. अशा प्रसंगी कित्येक माणसे खचून बसतात. भातखंडे ह्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. आपले उरलेले आयुष्य त्यांनी ह्या एका कामास वाहिले. प्रथम कोर्टाच्या सुट्यांत प्रवास करीत, आणि पुढे १९१० च्या सुमारास त्यांनी वकिली अजिबात सोडली. जवळ जी थोडी शिल्लक होती तीवर ते साधेपणाने राहिले.

१९०४ साली ते दक्षिणेच्या प्रवासास निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा अशी शहरे पाहत ते एट्टयापुरम् येथे गेले. तेथे सुब्बराम दीक्षितर ह्या थोर वृद्ध विद्वानांची भेट झाली. दीक्षितर ह्यांनी स्वतः आपल्या घराण्यातील कृती लिहून काढून त्याच वर्षी एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. दक्षिणेत व्यंकटमखी नावाच्या पंडिताने सतराव्या शतकात सर्व रागांची ७२ मेळांत कशी वाटणी केली होती, हे भातखंडे ह्यांनी तेथे समजून घेतले. त्यांची रीत अशी होती की, निघण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न ते तयार करीत. ज्या गावी जात तेथील गवयांस व पंडितांस ते प्रश्न विचारीत. आणि रात्री बिऱ्हाडी आल्यावर दिवसभराचा वृत्तांत रोजनिशीत लिहीत. कोणी आदराने वागवी, कोणी दारातूनच परत पाठवी. दोन्ही प्रकार त्या रोजनिशीत आले आहेत.

१९०७ साली ते नागपूर, कलकत्ता, जगन्नाथपुरी वगैरे ठिकाणी फिरले आणि हैदराबादेसही गेले. हे आमच्या वाचकांस विशेष वाटेल, कारण त्या वेळी आपला जिल्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता, व तो १९४८ सालापर्यंत तसाच राहिला. हैदराबादेस अप्पा तुळशी नावाचे संस्कृत जाणणारे संगीतपंडित राहत. त्यांचा व भातखंडे ह्यांचा स्नेह जडला तो पुढे कायम राहिला. १९०८ साली अलाहाबाद, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर असा उत्तरेचा प्रवास झाला. ज्या काळी आगगाडीच्या बाहेर पडल्यावर बैलगाडी किंवा टांगा ह्यांखेरीज वाहन नव्हते, त्या काळी एकट्या माणसाने स्वखर्चाने केलेले हे प्रवास आहेत, हे ध्यानात ठेवावे.

आता आम्ही त्यांच्या कार्यातील एक विशेष मनोरंजक भाग सांगतो. जयपूरचे महंमद अली खाँ हे मनरंग घराण्याचे मोठे गवई होते, आणि त्यांच्या घरात चिजांचा मोठा साठा होता. त्यांचे पुत्र आशिक अली व अहमद अली ह्यांच्याशी भातखंडे ह्यांनी संबंध जोडला आणि त्यांच्याकडून शेकडो चिजा मिळविल्या. ह्या कामी त्यांनी फोनोग्राफ नावाच्या यंत्राचा उपयोग केला. हे यंत्र एडिसन ह्यांनी १८७७ साली काढले. त्यास एक कर्णा असे. कर्ण्यापुढे गाइले म्हणजे आतील पातळ पडदा थरथरे, पडद्यास लावलेली सुई हाले, आणि फिरत्या मेणाच्या नळकांड्यावर बारीक चर पडे. पुन्हा त्या चरातून सुई फिरविली म्हणजे तोच आवाज कर्ण्यातून बाहेर येई. आपल्याकडे १९०२ साली कलकत्त्यास गौहर जान ह्यांच्या गाण्याच्या ज्या तबकड्या घेतल्या, त्या घेण्यास कंपनीची माणसे व कारखाना लागे; त्या तबकड्या घरी फक्त ऐकता येत. फोनोग्राफचे तसे नव्हते. ते यंत्र टेबलावर ठेवून कोणीही घरच्या घरी गाणे टिपून घ्यावे. मात्र एका नळकांड्यावर दोनचार मिनिटांपेक्षा अधिक गाणे मावत नसे, आणि पुनःपुन्हा वाजविले की मेण झिजून आवाज पुसट होई.

म्हणून भातखंडे यंत्रावर विसंबून राहिले नाहीत. यंत्रातून ऐकावे, ताडून पाहावे, आणि मग स्वर व शब्द कागदावर लिहावे, असे त्यांनी केले. मेण झिजले, नळकांडी गेली, परंतु कागदावर लिहिलेले राहिले.

रामपूरच्या दरबारी तानसेनाच्या वंशातील वजीर खाँ नावाचे बीनकार होते, व तेथील नबाब हमीद अली खाँ हे स्वतः संगीताचे मोठे जाणकार होते. त्या दरबारातील चिजा बाहेर पडणे फार कठीण होते. शिष्य झाल्यावाचून काही मिळणार नाही, हे पाहून भातखंडे ह्यांनी तेथे रीतसर शिष्यत्व पत्करले. ते पदवीधर होते, वकील होते, ग्रंथकार म्हणून त्यांचे नाव सर्वत्र झाले होते. तरी गुरूपुढे हात जोडून बसण्यात त्यांस कमीपणा वाटला नाही. ज्यास दुसऱ्याजवळचे घ्यावयाचे आहे त्याने आपली पदवी उंबऱ्याबाहेर ठेवून आत गेले पाहिजे, हे त्यांनी आपल्या वागण्याने दाखविले.

कागदावर स्वर लिहिणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांपैकी जे पेटीवर भजन म्हणतात त्यांस सहज कळेल. सा रे ग म प ध नि ही अक्षरे त्यांनी घेतली. स्वर कोमल असल्यास अक्षराखाली आडवी रेघ. मध्यम तीव्र असल्यास त्याच्या डोक्यावर उभी रेघ. वरच्या सप्तकाचा स्वर असल्यास वर टिंब, खालच्या सप्तकाचा असल्यास खाली टिंब. तालाची सम फुलीने व खाली शून्याने दाखवावयाची, आणि प्रत्येक मात्रेखाली गाण्याचे अक्षर मांडावयाचे. एवढीच काय ती युक्ती. ज्यास बालबोध लिपी वाचता येते त्यास ती आठ दिवसांत शिकता यावी अशी आहे. त्याच काळी पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर ह्यांनीही आपली निराळी लेखनपद्धती काढली होती व १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले होते. परंतु भातखंडे ह्यांची रीत अधिक सोपी असल्याकारणाने तीच पुढे बहुतेक ठिकाणी रूढ झाली.

जमविलेल्या ह्या सामग्रीचे त्यांनी पुढे ग्रंथ केले. १९१० साली संस्कृतात लक्ष्यसंगीत नावाचा ग्रंथ चतुर पंडित ह्या टोपणनावाने प्रसिद्ध केला. त्याच साली मराठीत हिंदुस्थानी संगीतपद्धति ह्या मोठ्या ग्रंथाचा पहिला भाग निघाला. चौथा भाग निघावयास १९३२ साल उजाडले. हा ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादरूपाने लिहिला आहे, आणि तो इंग्रजीत न लिहिता आपल्या मातृभाषेत लिहिला, ह्याचे आम्हांस कौतुक वाटते. चिजांचा संग्रह क्रमिक पुस्तकमालिका ह्या नावाने सहा भागांत निघाला. त्यात सुमारे १८०० गीते आहेत. सर्व रागांची वाटणी त्यांनी दहा थाटांत केली. आज शाळेत संगीत शिकणारे मूल प्रथम हेच दहा थाट पाठ करते. ग्रंथ छापण्याच्या कामी भालचंद्र सीताराम सुकथनकर ह्या स्नेह्यांचे त्यांस मोठे साहाय्य झाले.

केवळ पुस्तके करून काम भागणार नाही, शिकविणारे तयार झाले पाहिजेत, हेही त्यांनी ओळखले होते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड ह्यांच्या आश्रयाने १९१६ साली अखिल हिंदुस्थानची पहिली संगीत परिषद भरली. तेथे गवई व पंडित एकत्र बसून रागांची चर्चा करू लागले. पुढे दिल्ली, काशी व लखनौ येथे परिषदा झाल्या. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे ह्यांनी आपल्या गवयांस मुंबईस पाठवून भातखंडे ह्यांच्या हाताखाली तयार करविले, व १९१८ साली ग्वाल्हेरीस संगीत विद्यालय उघडले. १९२६ साली लखनौस मॅरिस कॉलेज सुरू झाले. ते आज भातखंडे ह्यांच्याच नावाने विश्वविद्यालय म्हणून चालू आहे. त्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर ह्यांनी ते कॉलेज पुष्कळ वर्षे चालविले.

१९३३ साली भातखंडे ह्यांस अर्धांगवायूचा झटका आला व मांडीचे हाडही मोडले. जो माणूस देशभर फिरला त्यास तीन वर्षे अंथरुणावर काढावी लागली. तशाही स्थितीत क्रमिक पुस्तकांचे काम चालू राहिले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, त्यांचे मुंबईस देहावसान झाले. मालिकेचा सहावा भाग त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ साली, बाहेर पडला. १९६१ साली सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

चरित्र लिहिताना केवळ गुण सांगून थांबणे आम्हांस योग्य वाटत नाही. भातखंडे ह्यांच्यावर टीका करणारे त्यांच्या हयातीत होते व आजही आहेत. कित्येक खानदानी गवयांचे म्हणणे असे की, कागदावर गाण्याचा सांगाडा उतरतो, प्राण उतरत नाही. स्वरास स्वर जोडताना गळ्याची जी नाजूक ओढ असते ती कोणत्याही खुणेने दाखविता येत नाही. ह्यात तथ्य आहे. दुसरा आक्षेप असा की, झिजलेले शब्द नीट करताना त्यांनी कोठे कोठे आपल्या समजुतीप्रमाणे फेरफार केला. तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्या गळ्यातून ही गीते निघाली, त्यांची नावे प्रत्येक गीताखाली नेहमी दिलेली नाहीत. पुस्तकावर संग्राहकाचे नाव राहिले, देणारे पुष्कळसे अंधारात गेले. त्यांपैकी कित्येक गरिबीत मेले. अशिक्षित गवयांविषयी भातखंडे ह्यांची लेखणी कधी कधी कठोरही होत असे. ज्यांच्या दारी आपण मागावयास गेलो त्यांच्या अज्ञानाकडे पाहण्याऐवजी, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जे सांभाळले त्याकडे पाहणे अधिक न्यायाचे झाले असते.

तथापि ह्या दोषांमुळे मूळ उपकार नाहीसा होत नाही. त्यांनी लिहिले नसते तर त्या गीतांपैकी पुष्कळ आज कोणासच ठाऊक नसती. सांगाडा उरला म्हणजे त्यावर पुन्हा मांस चढविता येते. सांगाडाच नाहीसा झाला म्हणजे कोणाचा इलाज चालत नाही.

भातखंडे ह्यांनी दरबारची गाणी राखली. शेतातली व जात्यावरची राखण्याचे काम दुसऱ्यांनी केले. साने गुरुजींनी बायकांच्या तोंडच्या ओव्या जमवून स्त्रीजीवन हा ग्रंथ केला. पुढे हेमा राईरकर व गी पॉइट्व्हँ ह्या दोघांनी व त्यांच्या सोबत्यांनी महाराष्ट्रातील खेड्याखेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांतील हजारो ओव्या त्यांनी यंत्रावर टिपूनही ठेवल्या. ह्या संग्रहाचा विशेष असा की, ओवीबरोबर ओवी म्हणणाऱ्या बाईचे नाव व गाव नोंदलेले आहे. भातखंडे ह्यांच्या कामात जी उणीव राहिली ती येथे भरून निघाली, असे म्हणावयास हरकत नाही.

आमच्या मंडळ्यांस ह्या विषयाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. भातखंडे ह्यांच्याहून एकच वर्षाने लहान असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, व १९१९ साली वारले. त्यांनी अभंग, ओवी, कीर्तन ह्या आपल्या मातीतील रीतींस उपासनेत जागा करून दिली. त्यापूर्वी परदेशी चालींवर बेतलेली गाणी पुष्कळ गाइली जात, आणि ती खेड्यातील माणसाच्या जिभेवर बसत नसत. टिळकांची व त्यांच्या समकालीन भक्तांची पदे उपासनासंगीतात छापलेली आहेत. ती नाहीशी होतील असे भय नाही. भय आहे ते चालींचे. एकच पद एका गावी एका चालीवर, तर दहा कोसांवरील गावी दुसऱ्याच चालीवर म्हणतात, आणि ती चाल कोणी बसविली हे गावातील एखाद्याच वृद्धास माहीत असते. शिवाय कित्येक भजने अशी आहेत की ती कोणत्याच पुस्तकात नाहीत. एखाद्या उपदेशकाने दुष्काळाच्या साली, पटकीच्या साथीत किंवा मुलीच्या लग्नात ती रचली; ती त्या मंडळीने गाइली; आणि रचणाऱ्याच्या नावासकट ती आता विसरत चालली आहेत.

भातखंडे ह्यांस फोनोग्राफसाठी पैका खर्चावा लागला व मेणाची नळकांडी जपून ठेवावी लागली. आज ज्याच्या खिशात मोबाइल आहे त्याच्याजवळ त्याहून कितीतरी चांगले यंत्र आहे. तेव्हा साधन नाही ही सबब आपणांस उरलेली नाही. ज्या मंडळीतील तरुण हे काम हाती घेतील त्यांच्यासाठी ह्या चरित्रातून निघणाऱ्या काही सूचना आम्ही मांडतो.

पहिली ही की, वृद्धांकडे शिकावयास आलो आहो अशा भावनेने जावे, परीक्षा घ्यावयास आलो आहो अशा भावनेने जाऊ नये. त्यांची परवानगी घ्यावी, आणि टिपून घेतलेले गाणे कोणाकोणास ऐकविणार तेही त्यांस आधी सांगावे. दुसरी ही की, खिडकी, पंखा, रस्ता ह्यांचा आवाज नसेल अशी जागा निवडावी व यंत्र तोंडापासून हातभर अंतरावर ठेवावे. तिसरी ही की, आरंभी गाणाऱ्याने आपले नाव, गाव व हे गाणे कोणाकडून शिकलो ते स्वतःच्या तोंडाने सांगावे, म्हणजे नाव गाण्यापासून कधी वेगळे होणार नाही. चौथी ही की, शब्द चुकीचे वाटले तरी ते आपण सुधारू नयेत; जसे म्हटले तसेच ठेवावे, आणि आपली शंका निराळ्या कागदावर लिहावी. पाचवी ही की, एकदा म्हणवून थांबू नये. आठ दिवसांनी पुन्हा जावे. कारण विसरलेली तिसरी ओळ बहुधा मध्यंतरी आठवते. सहावी ही की, केवळ यंत्रावर विसंबू नये. मोबाइल पडतो, पाण्यात जातो, विकला जातो. म्हणून प्रत्येक भजन वहीत लिहावे, पेटी जाणणारा कोणी असल्यास वर स्वर मांडावे, आणि यंत्रातील गाण्याची एक नक्कल दुसऱ्या घरी ठेवावी. मग त्यांतील निवडक गाणी गावातील मुलांनी, बायकांनी व पुरुषांनी पुन्हा बसवून म्हणावी व तीही टिपावी. वृद्धांच्या गळ्यातले एक व तरुणांच्या गळ्यातले एक, असा दोन्हींचा मिळून घरगुती संग्रह तयार होईल, आणि तो कोणत्याही कारखान्यातून आणावा लागणार नाही.

उस्तादांच्या घरी गाणी लपविली गेली ती पोटाच्या भीतीने. आमच्या खेड्यांत कोणी गाणे लपविलेले नाही. ते कोणी मागितले नाही एवढेच. ज्वारीची सुगी आटोपली म्हणजे आपल्याकडे रात्री मोकळ्या असतात. त्या रात्रींत प्रत्येक मंडळीने आपल्यातील सर्वांत वयस्क तीन माणसांची नावे काढावी, आणि पहिल्या माणसाच्या घरी त्याच आठवड्यात जावे.